परतीची वाट ठरल्याशिवाय मंजुरी देऊ नका

मेंदूत बदल घडवणाऱ्या संशोधनाला आणि उपक्रमांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांच्या सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

कवटीवरून सौम्य विद्युत्प्रवाह सोडून शिकण्याचा वेग वाढवणे, मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवणे, मुलांच्या कपाळाला पट्टी बांधून त्यांची एकाग्रता मोजणे, महिनोन्‌महिने सघन प्रशिक्षण देणे, अशा कामांचे अर्ज आता आपल्याकडे नियमित येतात. त्यांत दोन दावे हमखास असतात. हे सुरक्षित आहे, आणि नको वाटले तर पूर्ववत करता येते. पहिला दावा आपण कसून तपासता. दुसरा मात्र बहुधा एका वाक्यावर सुटतो: ‘सहभागी व्यक्ती केव्हाही बाहेर पडू शकते.’ हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. ज्या मेंदूने संमती द्यायची तोच बदलणार असेल, तर बाहेर पडणे म्हणजे नेमके काय, त्यासाठी कोणी काय करायचे आणि खर्च कोणाचा, हे आधी कागदावर आले पाहिजे. शिवाय बदलात काय गमावले जाईल ते मोजण्याची सोय हवी. या दोन गोष्टी नसतील तर अर्ज परत पाठवावा, अशी आमची मागणी आहे.

मेंदू बदलणे मुळातच गैर आहे, असे आम्ही म्हणत नाही. शिकणे म्हणजेच मेंदू बदलणे. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात आणि त्याला तीन-चार वर्षे लागतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ७९ उमेदवारांचे मेंदू प्रशिक्षणाआधी आणि नंतर तपासले गेले. उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांच्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे जागा आणि आठवणी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाच्या, मागच्या बाजूला वाढ दिसली. अनुत्तीर्णांत ती नव्हती. हा निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद क्वचितच कोणी सांगते: गुंतागुंतीची आकृती पाहून काही वेळाने आठवणीतून काढण्याच्या चाचणीत उत्तीर्ण चालक मागे पडले. एक क्षमता वाढली, शेजारची घटली. ना सुई, ना वीज, ना गोळी, निव्वळ अभ्यासाने.

वाचायला शिकतानाही असेच होते. डाव्या गोलार्धाच्या तळाशी अक्षरे ओळखणारा पट्टा तयार होतो, आणि चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद त्या जागी थोडा कमी होतो. २०१० च्या अभ्यासात प्रौढपणी साक्षर झालेल्यांतही हा बदल आढळला. म्हणून कोणी साक्षरता नाकारणार नाही, नाकारूही नये. पण ‘हे केवळ प्रशिक्षण आहे, यात धोका कसला’ असे अर्जदार म्हणतो तेव्हा व्यावसायिक वादकांची आठवण ठेवा. अतिसरावामुळे शंभरात सुमारे एकाला बोटांचा डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आखडण्याचा विकार, होतो. मेंदूच्या नकाशात वेगवेगळ्या बोटांच्या जागा एकमेकींवर चढतात, आणि वाद्य हातात घेताच एक बोट दुसऱ्याला ओढू लागते. सराव थांबवला म्हणजे हा दोष आपोआप जातो असे नाही. बहुतेकांना वर्षानुवर्षे उपचार घ्यावे लागतात, काहींची कारकीर्द तिथेच संपते. उलट, तीन चेंडू झेलण्याचा तीन महिन्यांचा सराव सोडल्यावर मेंदूतली वाढ पुढच्या तीन महिन्यांत बरीच ओसरली, असे २००४ च्या प्रयोगात दिसले. म्हणजे कोणता बदल ओसरेल आणि कोणता मुरेल, हे साधन विजेचे आहे की पाटी-पेन्सिलीचे यावरून ठरत नाही. आपल्या अर्जांत मात्र वर्गवारी नेमकी तशीच असते: यंत्र असेल तर पूर्ण छाननी, प्रशिक्षण असेल तर सवलतीची.

आता वीज. कवटीवरून एकदिश प्रवाह देण्याच्या पद्धतीत १ ते २ मिलिअँपिअर प्रवाह साधारण २० मिनिटे देतात. सलाइनमध्ये भिजवलेल्या स्पंजात इलेक्ट्रोड असतो. ५ बाय ७ सेंटिमीटरचा, म्हणजे ३५ चौरस सेंटिमीटरचा. २ मिलिअँपिअर त्यावर पसरले तर दर चौरस सेंटिमीटरला ०.०५७ मिलिअँपिअर पडतात. पट्टा सैल होऊन स्पंज फक्त एका कडेला टेकला आणि संपर्क ५ चौरस सेंटिमीटरवर आला, तर तोच आकडा ०.४ होतो, सातपट. यंत्राचे काम प्रवाह कायम ठेवण्याचे, त्यामुळे स्पंज सुकून रोध वाढला की ते व्होल्टेज वाढवत नेते. त्वचा भाजते ती इथे. म्हणून अर्जात स्पंजाचा आकार, द्रावण, प्रवाह हळूहळू चढवण्याचा-उतरवण्याचा वेळ, रोध किती झाला की यंत्र आपोआप बंद होईल आणि सत्राआधी-नंतर त्वचा कोण पाहील, एवढे तरी लिहिलेले असावे. घरी ९ व्होल्टची बॅटरी आणि दोन तारा जोडून हा प्रयोग करणाऱ्यांकडे यातले काहीच नसते. ‘घरगुती वापरासाठी’ असे अर्जात आले, तर अर्जदाराने घरातल्या या चुका गृहीत धरूनच रचना केलेली हवी.

भाजणे दिसते तरी. न दिसणारा तोटा २०१३ च्या एका प्रयोगाने दाखवला. प्रौढांना कृत्रिम अंकचिन्हे शिकवताना मेंदूच्या मागच्या पार्श्वखंडावर प्रवाह दिला, तर चिन्हे लवकर शिकली गेली, पण ती सहज, आपोआप वापरण्याची क्षमता घटली. कपाळामागच्या भागावर दिला, तर नेमके उलटे झाले. प्रयोगकर्त्यांनी दोन्ही गोष्टी मोजल्या म्हणूनच हे कळले. फक्त वेग मोजला असता, तर एक यशस्वी तंत्र म्हणून ते पुढे गेले असते. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक आराखड्यांत जे वाढवायचे आहे तेवढेच मोजायचे ठरलेले असते. तिथे आपण एक अट घालू शकता: ज्या क्षमतेला हात लावायचा नाही अशा निदान दोन क्षमता, त्यातली एक त्याच भागाशी निगडित, सुरुवातीला, शेवटी आणि सहा महिन्यांनी मोजाव्यात. कागद-पेन्सिलीच्या चाचण्यांनी हे होते. सहा महिन्यांची मोजणी खर्चिक आहे म्हणून वगळणारा अर्जदार तोटा किती टिकतो हे जाणून घ्यायला तयार नाही, असाच त्याचा अर्थ घ्यावा.

खोल मेंदू उत्तेजनाबद्दल, म्हणजे मेंदूत खोलवर बसवलेल्या इलेक्ट्रोडने वीज देण्याबद्दल, अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण पूर्ववत होण्याचा दावा इथे सगळ्यांत मोठ्याने होतो. यंत्र बंद केले की परिणाम थांबतो, त्यामुळे मेंदूचा भाग जाळून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा हे बरे, हा युक्तिवाद खरा आहे. पार्किन्सनच्या कंपावर आणि ताठरपणावर या उपचाराने येणारा आराम खरा आहे, मोठा आहे. पण काय काय बसवले जाते ते पाहा. सव्वा मिलिमीटर जाडीची, टोकाजवळ चार संपर्कबिंदू असलेली तार, गळ्याच्या कातडीखालून जाणारी जोडतार, कॉलरबोनखाली स्पंदयंत्र. साधारण १३० हर्ट्झ, ६० मायक्रोसेकंदांची स्पंदने, २ ते ३.५ व्होल्ट. ज्या सबथॅलॅमिक केंद्रकाला लक्ष्य केले जाते ते अवघे काही मिलिमीटरांचे, आणि त्याच्या एका टोकाला हालचालीची तर दुसऱ्या टोकाला भावना-प्रेरणांची जाळी. तार थोडी खाली किंवा मध्याकडे सरकली, किंवा व्होल्टेज वाढवताना विजेचे क्षेत्र पसरले, की कंप थांबतो आणि सोबत उतावीळपणा, उधळपट्टी, क्वचित उन्मादही येतो. दुसऱ्या बाजूने, शस्त्रक्रियेनंतर लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या औषधाचा डोस भराभर कमी केला तर माणूस निरुत्साही, उदासीन होतो, आणि घरच्यांना वाटते की यंत्रानेच त्याला असे केले.

यात संमतीचा प्रश्न किती खोल आहे, हे २००४ साली नेदरलँड्समधून नोंदवलेल्या एका रुग्णाने दाखवले. वय ६२. यंत्र चालू असताना हालचाल सुधारलेली, पण उन्माद इतका की स्वतःचे निर्णय घेण्याची क्षमता उरलेली नाही. औषधांनी तो आटोक्यात येईना. यंत्र बंद केले की डोके शांत, निर्णयक्षमता शाबूत, पण शरीर अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी यंत्र बंद ठेवून, तो सक्षम असताना, त्यालाच विचारले. त्याने यंत्र चालू ठेवून मनोरुग्णालयात राहणे निवडले. त्याचा निर्णय बरोबर की चूक, हे आपण ठरवायचे नाही. शिकण्यासारखी गोष्ट एवढीच, की हा प्रश्न त्याला शस्त्रक्रियेआधी विचारलेला असता तर घरच्यांवर आणि डॉक्टरांवर तो असा कोसळला नसता. संमतिपत्रासोबत एक पूर्वसूचनापत्र घ्यावे: माझ्या स्वभावात अमुक बदल झाले आणि मला ते बदल वाटेनासे झाले, तर कोणाचे ऐकायचे, सेटिंग कुठवर खाली आणायचे, केव्हा बंद करायचे. पहिल्या वर्षात जवळच्या व्यक्तीची मुलाखत स्वतंत्रपणे, रुग्णाच्या गैरहजेरीत, ठरावीक तारखांना व्हावी. रुग्ण ‘मी मजेत आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. म्हणूनच फक्त त्याच्या उत्तरावर विसंबता येत नाही.

आणि बंद करणे म्हणजे परत येणे नव्हे. रिचार्ज न होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे चालते. वर्षानुवर्षे उत्तेजन घेतलेल्या रुग्णाची बॅटरी अचानक संपली तर काही तासांत-दिवसांत ताठरपणा इतका वाढू शकतो की गिळणे अवघड होते. दाखल करावे लागते, आणि पूर्वीच्या औषधांचा तेवढा उपयोगही होत नाही, कारण आजार दरम्यानच्या काळात पुढे गेलेला असतो. जुन्या स्थितीकडे नेणारी वाटच उरलेली नसते. तरीही कित्येक प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात पहिल्या बॅटरीचा खर्च असतो, दुसऱ्या बॅटरीचा नसतो.

कंपनीच उठून गेली तर काय होते, याची दोन उदाहरणे जाहीर आहेत. ‘आर्गस टू’ हे अंधांना थोडीफार दृष्टी देणारे, ६० इलेक्ट्रोडचे दृष्टिपटलावरचे यंत्र अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झाले आणि जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांना बसवले गेले. २०१९ मध्ये कंपनीने त्यावरचे काम थांबवले, पुढच्या वर्षी ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत यंत्र राहिले. सुटे भाग, दुरुस्ती, एमआरआय करायचा तर काय काळजी घ्यायची हे सांगणारा माणूस, यातले काही राहिले नाही. दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे. मेलबर्नमध्ये १५ जणांच्या मेंदूवर अपस्माराच्या झटक्याची पूर्वसूचना देणारे यंत्र बसवले गेले. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते आशादायक होते. पैसे संपले, यंत्रे काढून घेण्यात आली. एका महिलेने ते ठेवण्यासाठी शक्य ते सारे केले, विकत घेण्याचीही तयारी दाखवली. यंत्राचा इशारा हा तिला स्वतःचाच भाग वाटू लागला होता. तिच्या बाबतीत ‘केव्हाही बाहेर पडता येईल’ ही हमी कुचकामी होती. तिला बाहेर पडायचेच नव्हते.

म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो, की परतीच्या वाटेत दोन्ही दिशा लिहिलेल्या असाव्यात: काढायचे असेल तर काय, आणि ठेवायचे असेल तर काय. यंत्राच्या अपेक्षित आयुष्याएवढ्या काळाचा बॅटरी, दुरुस्ती आणि काढण्याच्या शस्त्रक्रियेचा पैसा कंपनीच्या हाताबाहेरच्या खात्यात आधी जमा व्हावा. सेटिंग बदलण्याचे सॉफ्टवेअर, जोडणीची मापे आणि एमआरआयबाबतची माहिती तटस्थ संस्थेकडे ठेव म्हणून द्यावी, म्हणजे कंपनी बुडाली तरी दुसरा तंत्रज्ञ हात घालू शकेल. नव्या कंपन्यांना हे जड जाईल, हे आम्हाला ठाऊक आहे. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी माणसाच्या डोक्यात कायमचे काही बसवू नये.

परतीची वाट नाही म्हणून सरसकट नकारही बरोबर नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे श्रवणनसेला वीज देऊन ऐकवणारे कानातले यंत्र, साडेतीन वर्षांच्या आत मिळाले, तर श्रवणमार्गाची वाढ बहुधा जवळपास सामान्य वेगाने होते. सात वर्षांनंतर ती संधी बरीचशी गेलेली असते. थांबणे हाही इथे एक निर्णयच आहे, आणि तोही मेंदू घडवतो. पण शस्त्रक्रियेत उरलीसुरली श्रवणशक्ती जाऊ शकते, आणि यंत्र चालेल या भरवशावर मुलाला खुणांची भाषा न देणे हा टाळता येणारा धोका आहे. ती भाषा पहिल्या दिवसापासून सोबत दिली, तर यंत्राने निराशा केली तरी मूल भाषेविना राहत नाही. इथली परतीची वाट ही आहे, आणि अर्जात ती पालकांच्या मर्जीवर सोडलेली नसावी.

शाळांमधल्या पट्ट्यांबद्दल आम्हाला सर्वाधिक काळजी वाटते, कारण तिथे संमती नावापुरती असते. २०१९ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांना ईईजीची, म्हणजे मेंदूच्या विद्युत्लहरी टिपणारी, पट्टी घालून बसवले जाई. कपाळावरचा दिवा लक्ष असल्यास लाल, नसल्यास निळा होई, आणि आकडे शिक्षक-पालकांपर्यंत जात. टीका झाल्यावर ते थांबवले गेले. आता ही पट्टी काय मोजते ते पाहू. कवटीवर मिळणारा मेंदूचा संकेत काही दहा मायक्रोव्होल्टचा. पापणी लवली की कपाळावर त्याच्या कैक पट मोठा झटका येतो. एकाग्रतेचा आकडा बहुधा ४ ते ८ हर्ट्झच्या थीटा आणि १३ ते ३० हर्ट्झच्या बीटा लहरींच्या गुणोत्तरावरून काढतात. पण कपाळाच्या आणि जबड्याच्या स्नायूंची वीज साधारण २० हर्ट्झपासूनच सुरू होते, म्हणजे थेट बीटावर चढते. दात आवळून बसलेले घाबरलेले मूल यंत्राला एकाग्र दिसू शकते. तेव्हा असा अर्ज आला की समितीसमोरच चाचणी मागा. पट्टी एका प्रौढ स्वयंसेवकाला घाला. त्याला दात आवळायला सांगा, मग कपाळाला आठ्या घालायला, मग भराभर पापण्या लवायला, मग पट्टा जरा सैल करा. प्रत्येक वेळी आकडा लिहून घ्या. शेवटी पट्टी मिठाच्या पाण्यात केलेल्या जिलेटिनच्या गोळ्याला बांधा. तिथेही एकाग्रतेचा आकडा येत असेल, तर तो मेंदूचा नाही. दहा मिनिटांचे काम आहे.

लक्ष ‘सुधारण्याच्या’ दाव्यालाही पुरावा मागा. एकाग्रतेच्या विकारावर याच थीटा-बीटा गुणोत्तराचे न्यूरोफीडबॅक, म्हणजे स्वतःच्या लहरी पाहून त्या बदलण्याचे प्रशिक्षण, देणारा, ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांवरचा दुहेरी-अंध (खरे प्रशिक्षण कोणाला आणि खोटे कोणाला, हे मुलांना आणि तपासणाऱ्यांनाही ठाऊक नसलेला) प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. खरे प्रशिक्षण मिळालेली मुले सुधारली, आणि खोटे मिळालेलीही जवळपास तेवढीच सुधारली. मेंदूच्या खेळांनी शाळा-कामात आणि म्हातारपणी फायदा होतो, या जाहिरातींसाठी ‘ल्युमॉसिटी’च्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे २० लाख डॉलर भरावे लागले. तुलनेचा गट नसलेला अर्ज मुलांचा वेळ घेणारा अर्ज आहे. आणि मुलांच्या बाबतीत पालकांच्या सहीपलीकडे मुलाचा स्वतःचा होकार, तोही शिक्षक खोलीत नसताना घेतलेला, आणि नकार दिल्यास त्याच तासाला त्याच वर्गात बसायची मुभा, एवढे तरी असावे.

मेंदूच्या नोंदींबद्दल थोडक्यात. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या क्रियेचे आणि तिच्यातून मिळणाऱ्या माहितीचे संरक्षण राज्यघटनेत घातले, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका ईईजी उपकरणाच्या कंपनीला वापरकर्त्याची माहिती पुसायला लावली. युनेस्कोनेही २०२५ मध्ये न्यूरोतंत्रज्ञानाच्या नैतिकतेवर शिफारस स्वीकारली. कायदा येईपर्यंत आपण थांबायची गरज नाही: कच्च्या लहरी किती दिवसांत पुसणार, आणि त्यांवर शिकवलेल्या मॉडेलमधून माघार घेणाऱ्याचा वाटा कसा काढणार, हे विचारता येते. ‘काढता येणार नाही’ हे उत्तर असेल, तर संमतिपत्रात ते तशाच शब्दांत, पहिल्या पानावर हवे.

सुरुवात चालू प्रकल्पांपासून करता येईल. पुढच्या वार्षिक अहवालासोबत प्रत्येक प्रमुख संशोधकाकडून एक पान मागवा: किती जणांच्या शरीरात यंत्र आहे, प्रत्येकाची बॅटरी कोणत्या महिन्यात संपेल, तिचे पैसे कोठे आहेत, यंत्र काढणारा शल्यचिकित्सक कोण, आणि हात न लावलेल्या क्षमतांची शेवटची मोजणी कधी झाली. ज्यांची मुदत वर्षाच्या आत संपते त्यांची प्रकरणे आधी घ्या. त्या पानाचा नमुना आम्ही तयार केला आहे; कोणत्याही समितीला मागितल्यास पाठवू, आणि आपल्या गरजेनुसार तो बदलून घ्यायला आमची हरकत नाही.

आपले,
मेंदू-उत्तेजन, पुनर्वसन आणि शिक्षण या क्षेत्रांत काम करणारे चिकित्सक, अभियंते व संशोधक